मामंजींच्या सहस्रचंद्रदर्शनाला जुना अंक

परभणीहून एका सुनेचं पत्र आलं आहे. पत्र चांगलं चार पानी आहे. त्यातलं गरजेचं तेवढं इथं देते.

"मावशी, मला जुने अंक जमवायचा नाद आहे. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, साप्ताहिकं, दिवाळी अंक, मुलांची मासिकं. नऊ वर्षांत अडीचशेच्या आसपास जमले, सगळे एका पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. माझ्या सासऱ्यांचं येत्या मार्गशीर्षात सहस्रचंद्रदर्शन आहे. त्यांचा जन्म १९४५ चा. नांदेडला शिकले, विचारवंत नरहर कुरुंदकर गुरुजींची भाषणं ऐकत मोठे झाले, मग औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागले आणि तिथंच मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. त्यांना माझ्या संग्रहातलंच काहीतरी द्यावं असं फार वाटतं. तीन अंक मनात आहेत. १९६२ चा 'दीपावली', दलालांच्या मुखपृष्ठाचा, तो मी ८०० रुपयांना घेतलाय. दुसरा १९७३ चा 'किशोर', कव्हर थोडं फाटलेलं. तिसरी ऑक्टोबर १९९३ ची रविवार पुरवणी, किल्लारीच्या भूकंपावरची. मामंजी तेव्हा त्याच भागात होते. आत्याबाई म्हणतात, 'अगं, रद्दी देऊन कुणी पाया पडतं का?' ह्यांचं म्हणणं चांदीचं निरांजन द्यावं. भाऊजी म्हणतात, द्यायचाच तर लॅमिनेट करून फ्रेम कर. येणाऱ्या साठेक पाहुण्यांनाही एकेक जुना अंक द्यावा असं माझ्या डोक्यात आहे. आणि एका अंकाला कव्हरच नाही, त्याचं साल कसं काढू?"

लेकी, निरांजन घरच्यांच्या वतीनं होऊ दे. अंक तू तुझ्या वतीनं दे. ह्या दोन गोष्टींचं भांडण लावायचं कारणच नाही. पण कोणता द्यायचा, इथं माझं मत तुझ्या यादीच्या उलट आहे.

'दीपावली' तू पहिला का लिहिलास ते मला कळतं. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' हा दिवाळी अंक सुरू केला आणि त्यांच्या मुखपृष्ठांनी लोकांची दिवाळी उजळायची. तसा अंक नीट अवस्थेत हाती लागणं ही भाग्याचीच गोष्ट. पण तो तुला आवडतो म्हणून यादीत वर आहे. १९६२ साली मामंजी सतरा वर्षांचे. खेड्यातून शिकायला आलेल्या पोराच्या हातात तेव्हा दिवाळी अंक यायचा तो वाचनालयात, आणि तोही दहा जणांच्या मागून. त्यांनी तो पाहिला असेल, नसेलही. माहीत नसताना द्यायचा तर तो सुंदर चित्राचा अंक होईल, त्यांचा होणार नाही.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. माझी उभी नोकरी अंबाजोगाईत वाचनालयात गेली, त्यामुळे जुना कागद मला नवा नाही. माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, पंचाहत्तरीला मी माझ्याकडचा सगळ्यात जुना अंक दिला, १९३० च्या दशकातला 'किर्लोस्कर'. खादीच्या कापडात बांधून, अगदी जपून. अण्णानं दोन पानं उलटली, "छान आहे गं" म्हणाला आणि कपाटात ठेवला. तो अंक त्याच्या जन्माआधीचा. त्यात त्याचं काही नव्हतंच.

दोन वर्षांनी एका साप्ताहिकाचा १९६८ चा साधा अंक मिळाला. कोपरे दुमडलेले, मधल्या पानावर चहाचा डाग. सहज त्याच्या पुढं ठेवला. लेख त्यानं वाचलेच नाहीत. मागच्या बाजूला शेतावरच्या डिझेल इंजिनाची जाहिरात होती, तिथं थांबला. चष्मा कपाळावर सरकवला, पान डोळ्यांजवळ नेलं आणि त्या इंजिनाच्या चित्रावरून बोट फिरवत म्हणाला, "ह्याच्यासाठी बापूंनी ढवळ्या-पवळ्या विकले." मग मोट कशी बंद झाली, इंजिन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा आई धुराला भिऊन घरात कशी पळाली, बैल नेणाऱ्या माणसामागं बापू वेशीपर्यंत कसे गेले, सगळं आलं. मी त्याची सख्खी बहीण, पण बापू वेशीपर्यंत गेले होते हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून मी अंकाचं वय बघत नाही, घेणाऱ्याचं वय बघते. माणूस बारा ते तिशीच्या आत असताना त्याच्या हातून जे कागद गेले, त्यांतलं द्यावं. मामंजींच्या बाबतीत म्हणजे साधारण १९५७ ते १९७५.

म्हणून माझं मत 'किशोर'ला. 'किशोर'चा पहिला अंक बालभारतीनं नोव्हेंबर १९७१ मध्ये काढला. १९७३ साली मामंजी अठ्ठावीस वर्षांचे, खेड्यातल्या शाळेवरचे तरुण मास्तर. तुझा अंक १९७३ च्या पावसाळ्याआधीचा असेल तर तो ऐन दुष्काळातला आहे. १९७२ चा दुष्काळ आपल्याकडं ज्यांनी पाहिला त्यांना मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि दुष्काळी कामांवरची सुकडी म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. त्या दिवसांत समोर बसलेल्या पोरांना एका मास्तरनं ह्या मासिकातली गोष्ट वाचून दाखवली असेल, तर तो अंक त्यांच्यासाठी कुठल्याही चांदीहून जड आहे. कव्हर फाटलं आहे म्हणून खट्टू होऊ नकोस. शाळेतला अंक फाटकाच असायचा. आत एखादं पान कमी असेल तर बालभारतीनं 'किशोर'चे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवले आहेत, तिथून तेवढं पान छापून घे आणि सुटं आत ठेव. चिकटवू मात्र नकोस.

पण आधी खात्री कर. सरळ विचारू नकोस, नाहीतर त्यांना कळेल. चहा देताना सहज काढ, "मामंजी, तुमच्या शाळेत मुलांना वाचायला काय यायचं हो?" त्यांनी 'किशोर'चं नाव घेतलं तर झालंच. 'चांदोबा' म्हणाले तर 'चांदोबा' शोध. तुझ्याकडं वेळ आहे.

आणखी एक वाट आहे, आणि तू ती पत्रात स्वतःच लिहून गेलीस. कुरुंदकर गुरुजी १९८२ साली गेले. त्याआधी त्यांचे लेख दिवाळी अंकांतून, नियतकालिकांतून येत. तुझ्या ट्रंकेतल्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिका तू एकदा तरी वाचल्यास का? जमवणारी माणसं मुखपृष्ठं बघतात आणि अनुक्रमणिका सोडून देतात. दोन दुपारी बसून एका वहीत प्रत्येक अंकाचं नाव, महिना, साल, लेखकांची नावं आणि लक्षात राहिलेली एखादी जाहिरात एवढं लिहून काढ. त्यात गुरुजींचा लेख निघाला, तर 'किशोर' आणि तो अंक अशी जोडी होईल. ही वही झाल्याशिवाय नवीन अंक विकत घेऊ नकोस, असंही सांगते.

आता किल्लारीची पुरवणी. ती समारंभात देऊ नकोस.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, रात्री गणपती बोळवून लोक दमून झोपले होते आणि चारच्या सुमाराला जमीन हलली. सुमारे १०,००० माणसं गेली. किल्लारी औसा तालुक्यातच. त्या वेळी मामंजी तिथं मुख्याध्यापक असतील, तर त्यांच्या पटावरची किती नावं कमी झाली हे त्यांनाच ठाऊक. तुला ती पुरवणी आदरानं द्यायची आहे हे मला समजतं. पण औक्षणाच्या ताटापुढं, साठ माणसांत, ते पान उघडायला लावू नये. ती नीट जपून ठेव. कधी त्यांनी आपणहून त्या दिवसांचा विषय काढला, दुपारची वेळ असली, घरात गर्दी नसली, तर विचार, "माझ्याकडं तेव्हाचा कागद आहे, बघायचाय का?" नको म्हणाले तर पुन्हा काढू नकोस.

ह्यावरून एक तारखेची गोष्ट सांगून ठेवते, कारण भेट देणारे इथं हमखास चुकतात. वर्तमानपत्र आदल्या दिवसाचं बोलतं. ३० सप्टेंबरचा सकाळचा अंक रात्रीच छापलेला, त्यात विसर्जनाच्या मिरवणुका. भूकंप १ ऑक्टोबरच्या अंकात. कुणाच्या जन्मदिवसाचं वर्तमानपत्र द्यायचं म्हटलं तर त्या तारखेचं द्या, पण त्या दिवशी जगात काय घडलं हे दाखवायचं असेल तर दुसऱ्या दिवशीचं शोधा. दिवाळी अंकाचं तर आणखी मागं असतं. १९६२ चे दिवाळी अंक चीननं हल्ला केला त्या २० ऑक्टोबरच्या आधी तयार झालेले, म्हणून त्यांत युद्ध शोधत बसू नये.

साठ पाहुण्यांना अंक देण्याचा बेत सोडून दे. त्यातले पन्नास जण तो गाडीच्या मागच्या काचेपाशी टाकतील आणि औंढ्यापर्यंत पोचेस्तोवर उन्हानं त्याचा पापड झालेला असेल. नऊ वर्षं जमवलेलं एका दुपारी वाटून मोकळी होऊ नकोस. पाहुण्यांना तुमच्याकडं जे देतात ते द्या. मामंजींचे जुने सहकारी शिक्षक येतीलच. त्यांतले दोघं-तिघं वाचणारे निवड, त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतलं काही तुझ्याकडं असेल तर तेवढं दे.

कव्हर नसलेल्या अंकाचं साल काढायला मला फार आवडतं, म्हणून इथं जरा रेंगाळते. आधी किंमत बघ. आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचा किंवा त्या सुमाराचा, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'नवे पैसे' किंवा 'न. पै.' असेल तर १९५७ ते १९६४ च्या मधला, कारण १९६४ मध्ये 'नवे' गळून नुसते पैसे उरले. किंमत कव्हरबरोबर गेली असेल तर आतली वर्गणीची चौकट बघ. मग जाहिरातींचे पत्ते वाच. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असला तर अंक १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. आणि आपल्या मराठवाड्यापुरती एक खूण तर फारच कामाची आहे, जिल्ह्यांची नावं. 'जालना, जि. औरंगाबाद' असं छापलं असेल तर १९८१ च्या आधीचा. 'लातूर, जि. उस्मानाबाद' असेल तर १९८२ च्या आधीचा. 'हिंगोली, जि. परभणी' १९९९ पर्यंत चाललं. तुझ्या मामंजींचंच बघ ना, नोकरीला लागले उस्मानाबाद जिल्ह्यात आणि निवृत्त झाले लातूर जिल्ह्यात, तालुका तोच.

शेवटी पान उलटं करून बोटाच्या पेरानं चाचपून बघ. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेलं असेल तर अक्षरांचा उठाव मागच्या बाजूला लागतो, जणू कुणी बारीक दाभणानं आतून ढकललंय. ऑफसेट छपाईचं पान सपाट लागतं. एकट्या ह्या खुणेवर साल ठरत नाही, पण बाकीच्या खुणांना तिची साथ मिळते.

भाऊजींना सांग, लॅमिनेशन अजिबात नाही. उष्णतेनं आणि गोंदानं कागद प्लास्टिकला कायमचा चिकटतो, पुन्हा सोडवता येत नाही. फ्रेम करून भिंतीवर लावला तर उजेडानं रंग उडतो. फ्रेमच हवी असेल तर मुखपृष्ठाचा फोटो काढून त्याची रंगीत प्रत फ्रेम करा. फाटलेल्या कव्हरला चिकटपट्टी लावू नकोस. पाच-सहा वर्षांत ती पिवळी पडते, सुटून येते आणि तिचा डाग तेवढा राहतो. वाचनालयात मी अशी शेकडो पानं पाहिली, बहुतेक आमच्याच माणसांनी मायेनं चिकटवलेली. टाचण्या गंजल्या असतील तर मागून नखानं किंवा बोथट सुरीनं हळूच उघडून काढ आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून सैल गाठ मार.

पुरवण्या दिवाळी अंकांपासून वेगळ्या ठेव. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या स्वस्त लगद्याचा, त्यातलं लिग्निन नावाचं लाकडातलं द्रव्य उन्हानं आणि हवेनं पिवळं पडतं, कागद आंबट होतो, आणि शेजारी चांगला कागद असेल तर त्यालाही डागवतो. ट्रंकेत तळाशी धुतलेलं जुनं धोतर अंथर, म्हणजे पत्र्याचा गंज लागायचा नाही. ट्रंक पत्र्याखालच्या माळ्यावर असेल तर आजच खाली काढ. आपल्याकडचा एप्रिल-मे माणसाला सोसत नाही, कागदाला काय सोसणार? जमिनीवरही नको, खाली लाकडी पाट दे, बाहेरच्या भिंतीपासून दूर. श्रावण-भाद्रपदात ट्रंक उघडून पसारा घालू नकोस. वारं द्यायचं ते दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, सावलीत, बाजेवर चादर टाकून. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सुकवून मलमलच्या पुरचुंडीत, नुसता पानांवर पसरला तर त्याचेच ठसे उमटतात.

अंकात कसर किंवा बारीक भोकं दिसली तर औषध फवारू नकोस. अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढ, तोंड घट्ट बंद कर आणि दोन आठवडे फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेव. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक पूर्ण दिवस तशीच राहू दे, नाहीतर दव धरून कागद ओला होतो. रद्दीतून आलेला प्रत्येक अंक मी असा 'थंड' करूनच घरात घेते.

रद्दीचं निघालं म्हणून दोन शब्द. शोध घ्यायचा तर लोक घरोघरी दसरा काढतात तेव्हा. त्या आठ-दहा दिवसांत माळे रिकामे होतात आणि रद्दीवाल्यांकडं जे येतं ते वर्षभर येत नाही. संभाजीनगरला गेलीस तर औरंगपुऱ्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत डोकाव. मात्र वाचनालयाचा शिक्का असलेला अंक घेताना 'रद्द' किंवा 'बाद' असा दुसरा शिक्का आहे का ते बघ. नसेल तर तो कुणीतरी उचलून आणलेला असू शकतो, आणि असा अंक भेट म्हणून देऊ नये. एका वाचनालयानं तीस वर्षांचे बांधीव खंड किलोवर विकले तेव्हा मी तिथं उभी होते. ते शिक्के मला अजून डोळ्यांपुढं दिसतात. म्हणून कुणी तुला बांधीव खंड दिला तर त्यातून हवा तो अंक फाडून काढू नकोस, खंड अख्खाच ठेव.

आता द्यायचा कसा. खणाच्या कापडाची साधी पिशवी शिव, आत पांढऱ्या सुती कापडात अंक. आपल्याकडं नव्या वस्तूला हळद-कुंकू लावायची रीत आहे, ते पिशवीला लाव, अंकाला बोट लागू देऊ नकोस. कुंकवाचा तेलकट डाग कागदातून निघत नाही. एका वेगळ्या कागदावर स्वतःच्या हातानं चार ओळी लिही, हा अंक तुला कुठं मिळाला आणि तो त्यांनाच का दिला. कोणत्या पानावर काय आहे तेही लिही. मामंजींचे डोळे आता थकले असतील, खिळ्यांची बारीक अक्षरं त्यांना दिसायची नाहीत. झेरॉक्सच्या काचेवर अंक दाबू नकोस, पाठ मोडते. खिडकीपाशी सपाट ठेवून फोनवर फोटो काढ आणि मोठ्या अक्षरांत छापून घे. ती प्रत नातवंडानं वाचून दाखवावी, अंक मामंजींच्या मांडीवर असावा. समारंभाच्या गर्दीत नाही, आदल्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी.

राहिल्या आत्याबाई. त्यांच्यावर रागावू नकोस. ज्या बाईनं उभा संसार पै-पै जोडत केला, तिला जुना कागद म्हणजे किलोवर जाणारी वस्तू, आणि सणाच्या दिवशी ती घरात नको वाटणार. त्यांना समजावायला जाऊ नकोस. त्या नव्या सूनबाई होऊन आल्या तेव्हा घरात काय वाचायच्या, कुणाकडून मागून आणायच्या, ते विचार. त्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी स्वेटरचे नमुने आणि पाककृती 'स्त्री' मासिकातून उतरवून घेतल्या आणि मासिक शेजारणीला परत केलं. माझ्याकडं साठ-सत्तरच्या दशकांतल्या 'स्त्री'च्या काही अंकांच्या दोन-दोन प्रती आहेत. आत्याबाईंच्या लग्नाचं साल आणि महिना मला कळव. त्या वर्षीचा अंक निघाला तर थंड करून, दोरा ओवून, मार्गशीर्षाआधी तुझ्याकडं पाठवते.